टेबलावरचा डबा

आमच्या शेडमध्ये बेऱ्या, म्हणजे करवंदासारखी जांभळी फळं, निवडल्या जातात. दहा टेबलं आणि प्रत्येक टेबलावर चौघी. टेबल म्हणायचं, पण मधून सरकता पट्टा जातो. दोघी अलीकडे, दोघी पलीकडे. समोरून फळ जातं, त्यातलं मऊ पडलेलं, चिरलेलं, बुरशी धरलेलं तेवढं उचलायचं आणि बाकीचं पुढं जाऊ द्यायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. एकदा येऊन आठ तास उभं राहून बघा.

चार नंबरच्या टेबलावर मी बावीस वर्षं उभी आहे. माझ्या शेजारी माझी धाकटी जाऊ, पलीकडे लांबी आणि रेडिओ. लांबीचा हात स्टुलाशिवाय कुठल्याही फळीला पोचतो आणि रेडिओला बंद करायचं बटण नाही. धाकटीला मी धाकटीच म्हणते, ती मला ताई म्हणते, पण त्यावरून आमचं गूळपीठ आहे असं कोणी समजू नये. ‘जावा जावा, उभा दावा’ ही म्हण ज्यानं काढली त्यानं आमचं घर पाहिलेलं असणार. ती वरच्या मजल्यावर, मी खाली, आणि तिच्या मोरीचं पाणी माझ्या छतातून झिरपतं यावरून आम्ही नऊ वर्षं भांडतोय.

एका गोष्टीवरून मात्र आम्ही कधीच भांडलो नाही, ती म्हणजे सासूबाईंचं आजारपण. त्यांना साखर होती. आधी पायाचं बोट गेलं, मग पाऊल, शेवटी नजर. दोन वर्षं मी जखम धुवायची आणि धाकटी भांडं धरायची. दिसेनासं झाल्यावर त्या आम्हाला हातावरून ओळखायच्या. मोठीचा हात खरबरीत, धाकटीचा गार. त्या गेल्या त्या दिवशी धाकटी मला म्हणाली होती की बाकी काहीही चालेल, पण हे डोळ्यांचं आपल्याला नको.  मला पण नकोच होतं.

तर गेल्या वर्षी शेडमध्ये एक डॉक्टर आल्या. वयानं तरुण, गळ्यात शिंप्यासारखी टेप. पहिल्याच दिवशी चाळीस जणींच्या कंबरा मोजल्या, त्यामुळे त्यांचं नाव टेपबाई पडलं. कंबर, वजन, रक्तदाब, रक्तातली चरबी, तीन महिन्यांची साखर, सगळं त्यांनी लिहून घेतलं. आठवड्यानं येऊन सांगितलं की चाळीसपैकी सव्वीस जणी काठावर आहेत. साडेसहा झालं की आजार म्हणायचं. माझा आकडा सहा होता. धाकटीचा सहा पॉइंट तीन.

टेपबाईंना बघायचं होतं की बायकांनी रोज एवढी एवढी बेरी खाल्ली तर हे आकडे हलतात का. हे औषध नाही, असं त्या दर दोन वाक्यांनी सांगत. काही ठिकाणी थोडा फरक दिसलाय, काही ठिकाणी नाही, म्हणून नीट मोजायचं. आम्हाला हसू आलं. शेडमध्ये तोंड हलताना दिसलं की त्याच दिवशी घरी पाठवतात, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. बावीस वर्षांत मी मूठभर बेऱ्याही खाल्ल्या नव्हत्या, आणि ज्या फळाकडे दिवसभर बघायचं ते संध्याकाळी विकत घेऊन खायला कोणाला सुचतंय? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं.

सुपरवायझरनी मोठ्या मनानं जाहीर केलं की खरंच फायदा दिसला तर दोन नंबरचा माल, जो आता रसाच्या कारखान्यात जातो, त्यातला रोज एक डबा प्रत्येकीला मिळेल. कायमचा. टेपबाईंनीही सांगितलं की बारा आठवडे नियमानं पुरे करणारीला इस्पितळाचं कार्ड मिळेल, वर्षभर तपासण्या फुकट, डोळ्यांची सुद्धा. मग चिठ्ठ्या काढल्या. वीस चिठ्ठ्यांवर ‘हो’, वीसवर ‘थांबा’. ‘हो’ वालीला रोज दुपारी एक डबा, तो तिनं जेवणाच्या खोलीतच खायचा आणि रिकामा परत द्यायचा. ‘थांबा’ वालीनं बारा आठवडे एकही बेरी खायची नाही, तिला नंतर. आणि डबा कोणाला द्यायचा नाही. हे त्यांनी तीनदा सांगितलं आणि आमच्या सह्या घेतल्या.

मला ‘हो’ आली, रेडिओला ‘हो’ आली. लांबी आणि धाकटी, दोघी ‘थांबा’. धाकटीनं चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली, जणू मागच्या बाजूला दुसरं काही लिहिलेलं असेल.

आता आमच्या जेवणाच्या खोलीची रीत सांगायला हवी. तिथंही दहा टेबलं, तेच नंबर, त्याच चौघी. डबा उघडला की तो टेबलाच्या मधोमध ठेवायचा. तिथून पुढं तो कोणाचा हे कोणी विचारत नाही. मी शेडमध्ये आले तेव्हाही हेच होतं. एखादी रिकाम्या हातानं आली तरी ती रिकाम्या पोटी उठत नाही, आणि कोण रिकाम्या हातानं आली होती हेही कोणाच्या लक्षात राहत नाही. या रीतीतला खरा फायदा तोच आहे.

पहिल्या दिवशी आम्ही नियम पाळला. मी आणि रेडिओ डबे मांडीवर घेऊन खात बसलो. लांबी छताकडे बघत होती. धाकटी तिच्या उकडलेल्या अंड्याचं टरफल इतकं बारीक सोलत होती की शेवटी अंडंच उरलं नाही.   चोरून खाल्ल्यासारखं वाटत होतं, आणि ज्यांच्यापासून चोरायचं त्या समोरच बसलेल्या.

दुसऱ्या दिवशी मी डबा उघडला आणि हात आपोआप मधोमध गेला. रेडिओनंही तिचा ठेवला. दोन डबे, चौघी, प्रत्येकीला अर्धा. निवडणाऱ्या बायका आम्ही, डोळ्यानंच समान वाटण्या करतो. धाकटी म्हणाली, “ताई, सही केलीय आपण.” मी म्हणाले, “तू खा. सहीचं मी बघते.” तिनं खाल्लं. टेपबाईंनी रोज भरायला दिलेल्या वहीत मी लिहिलं, ‘पूर्ण खाल्लं.’ खोटं नव्हतं म्हणा, डबा पूर्ण खाल्ला गेलाच होता.

त्या फळानं जीभ जांभळी होते. टेपबाईंनी रक्त काढलं, कंबर मोजली, वजन केलं, पण ‘जीभ दाखवा’ असं एकदाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर पहिल्याच आठवड्यात सगळं बिंग फुटलं असतं.

नववा-दहावा आठवडा असेल. माझ्या लक्षात आलं की धाकटीच्या हातून माल निसटतोय. ती पट्ट्यावर माझ्या आधी उभी असते, म्हणजे तिनं सोडलेलं सगळं माझ्यासमोरून जातं. आधी एखादी मऊ बेरी आली, मी उचलली. मग बुरशीची आली. पांढरी, चांगली दिसेल अशी बुरशी. धाकटीच्या हातून? तिची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण, हे मी तिच्या तोंडावर कधी कबूल केलं नसतं पण खरं होतं. मी तिच्याकडे पाहिलं तर ती मान मागे घेऊन, डोळे बारीक करून बघत होती.

 तिचंही मी निवडायला लागले. माझा हात दुप्पट चालायचा, संध्याकाळी मनगट सुजायचं. सुपरवायझरला कळलं असतं तर तिला खोके चिकटवायला पाठवलं असतं. पण ते राहू दे, मला रात्री सासूबाईंचे डोळे आठवायचे. उघडे असायचे आणि कुठंच बघत नसायचे. धाकटी मला सांगत नव्हती म्हणजे तिलाही तेच आठवत असणार. मी दिवस मोजत होते. बारा आठवडे संपले की कार्ड, आणि कार्डावर डोळ्यांची तपासणी. तारीखही लागली होती, पुढच्या महिन्याच्या अकराला. दुपारी मी तिच्या बाजूला चार बेऱ्या जास्त सरकवायचे. तिला वाटायचं माझा अंदाज चुकतोय.

बारा आठवडे संपले, पुन्हा रक्त काढलं. पंधरा दिवसांनी कामाची पाळी संपल्यावर टेपबाईंनी सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बसवलं. हातात कागद होता आणि चेहरा उतरलेला. त्यांनी सांगितलं की ‘हो’ वाल्यांची साखर सरासरी पॉइंट दोननं उतरली. आमच्यात कुजबुज झाली. मग म्हणाल्या की ‘थांबा’ वाल्यांचीही पॉइंट दोननंच उतरली. म्हणजे जे काही उतरलं ते बेरीमुळे म्हणता येत नाही. तपासणी चालू आहे म्हटल्यावर माणसं एरवीही जपून खातात, त्यामुळंही होतं. तेव्हा त्या अहवालात लिहिणार होत्या की बेरी खाऊन आणि न खाऊन फरक दिसला नाही.

सुपरवायझर दारात उभे होते. ते म्हणाले, मग झालं तर, माल रसालाच जाऊ दे.

मी खोलीभर पाहिलं. नऊ टेबलांवरच्या बायका आपापल्या नखांकडे बघत होत्या. मला तोपर्यंत वाटत होतं की ही भानगड फक्त चार नंबरची. त्या क्षणी कळलं की प्रत्येक टेबलाला तसंच वाटत होतं. रीत सगळ्या खोलीची, मग पाप एकट्या आमचं कसं असेल?

सांगायला हवं होतं, हे मलाही समजत होतं. पण सांगितलं की कार्ड गेलं, आणि अकरा तारखेला सातच दिवस होते. मी ठरवलं, तोंड उघडायचं नाही. अहवाल गेला खड्ड्यात. शेजारी धाकटीची खुर्ची सरकली तशी मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला, चांगला जोरात.

ती तरीही उठली.

“डॉक्टर, मी ‘थांबा’ वाली. पण मी रोज अर्धा डबा खाल्ला. बारा आठवडे. एक दिवस चुकवला नाही.”

टेपबाईंनी विचारलं की कोणाचा डबा. धाकटीनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी उठले. नाइलाज होता, आणि खरं सांगते, मला तिचा इतका राग आला होता की उठताना खुर्ची पडली. मी म्हणाले की डबा माझा, वाटणी माझी, तिला मी खायला लावलं. रेडिओनं लगेच तिचंही सांगितलं, जरा जास्तच तपशिलात. मग सात नंबरवरून कोणीतरी पुटपुटलं की आमचाही मध्येच असतो.

टेपबाई एका रिकाम्या क्रेटवर बसल्या. म्हणाल्या, ज्यांनी बारा आठवड्यांत डबा वाटला नाही आणि दुसरीच्या डब्यातलं खाल्लंही नाही त्यांनी हात वर करा. दोन हात वर झाले. एक नऊ नंबरवरची, ‘थांबा’ वाली, जिला बेरीनं अंगावर पुरळ येतं. दुसरी त्याच महिन्यात नवीन लागलेली होती. तिला वाटलं, चहा कोणाकोणाला हवा ते विचारतायत.

टेपबाई हसतील असं मला वाटलं, पण त्या हसल्या नाहीत. त्यांची दोन वर्षांची मेहनत होती. त्यांनी कागदावर तिरकी रेघ मारली आणि हळू आवाजात सांगितलं की यातून आता काहीच सिद्ध होत नाही, फायदा नाही आणि तोटाही नाही. नियम मोडल्यामुळे कार्डं रद्द होतील, तो निर्णय त्यांच्या हातात नाही. जाताना त्या दारात थांबल्या आणि विचारलं, “पण मला कोणी आधी सांगितलं का नाही, की तुमच्याकडे डबा मधोमध असतो?” रेडिओ म्हणाली की तुम्ही विचारलंच नाहीत. ते खरंच होतं.

घरी जाताना मी धाकटीच्या दहा पावलं पुढं चालले. कोपऱ्यावर ती मला गाठायला आली तशी मी वळून म्हणाले, “डोळ्यांचं काय करणार आता?”

ती थांबली. तिला वाटत होतं मला माहीत नाही. मी तिला सांगितलं की पाच आठवडे तुझ्या मागची बुरशी मी उचलतेय, तुझ्यासाठी माझं मनगट गेलं, आणि तू सात दिवस कळ काढू शकली नाहीस. मूर्ख म्हणाले मी तिला. भर रस्त्यात. तिनं ऐकून घेतलं आणि जिना चढून वर गेली. थोड्या वेळानं माझ्या छतातून पाणी ठिबकायला लागलं.

अकरा तारखेला आम्ही दोघींनी रजा टाकली आणि बिनकार्डाच्या रांगेत उभ्या राहिलो. साडेतीन तास. तिच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्या, तिला जवळचं काही दिसेना. बाकावर तिनं माझा हात धरला आणि सोडला नाही. तिचा हात गार होता. सासूबाई उगाच म्हणत नव्हत्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं आणि दिवा मारून बराच वेळ पाहिलं. मी भिंतीशी उभी राहून श्वास सुद्धा बेताचा घेत होते. मग त्यांनी दिवा बंद केला आणि विचारलं की वय किती. चव्वेचाळीस. ते म्हणाले, “पडदा स्वच्छ आहे. साखरेचं काही नाही. चाळिशी लागलीय तुम्हाला, चष्मा करा.”

चाळिशी! माझा जीव पाच आठवडे टांगणीला लागला होता तो एका चष्म्यासाठी. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि इतकी हसले की शेजारच्या म्हाताऱ्यानं जागा बदलली. मग रडलेही. ते सांगायला लाज कशाला?

परत येताना मी तिला हाताला धरून चालवत होते, कारण उन्हात तिचे डोळे उघडत नव्हते. अर्ध्या वाटेत मी विचारलं की तुला तेव्हा पडद्याचं काहीच माहीत नव्हतं, तारीख तोंडावर आलेली, माझा पाय तुझ्या पायावर, मग तू उठलीस कशाला.

ती डोळे मिटूनच म्हणाली, “त्या लिहिणार होत्या की खाऊन न खाऊन सारखंच. बारा आठवडे तुम्ही तुमच्यातलं काढून मला देत होतात, ताई. वर चार जास्त सरकवत होतात, मला काय दिसत नव्हतं होय? ते देणं आणि न देणं सारखंच, असं छापून आलं असतं. ते मला चाललं नसतं.”

मी तिला म्हणाले की समोर खड्डा आहे, बघून चाल. ती म्हणाली, दिसत नाही म्हणून तर तुम्हाला धरलंय.

चष्मा आल्यावर तिनं पट्ट्यावरची जागा बदलून मागितली. पुढं तुम्ही, मागे मी. पहिल्याच तासात तिनं माझ्यासमोर तीन मऊ बेऱ्या आणून ठेवल्या, मी सोडलेल्या, आणि विचारलं की तुमचे डोळे दाखवायला कधी जायचं. नजर परत आली तशी जीभही आली.

टेपबाई चार महिन्यांनी पुन्हा आल्या. आम्हाला वाटलं होतं आता कशाला येतील. त्यांनी इस्पितळातून नव्यानं परवानगी काढली होती, सुपरवायझरकडून रोजच्या डब्याचा तोच शब्द पुन्हा घेतला होता, आणि या वेळी चाळीस नाही, दहाच चिठ्ठ्या आणल्या होत्या, टेबलाला एक. ज्या टेबलाला ‘हो’, त्या टेबलावर चार डबे. नियमांच्या कागदावर पहिलंच वाक्य होतं, ‘टेबलावर उघडलेला डबा त्या टेबलाचा, दुसऱ्या टेबलाचा नाही.’ आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या, या वेळी वाचून.

चिठ्ठी धाकटीनं काढली. नवा चष्मा नाकावर चढवून तिनं वाचली आणि टेबलावर ठेवली. चार नंबर, थांबा.

आमच्या शेजारी पाच नंबर. त्यांना ‘हो’. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचे चार डबे आले. त्यांनी ते उघडले, आमच्याकडे एकदा पाहिलं, आणि मग चौघींनी खुर्च्या उचलून फिरवल्या आणि आमच्याकडे पाठ करून बसल्या. बावीस वर्षांत त्या खोलीत कोणी कोणाकडे पाठ करून जेवलं नव्हतं.  मी तोंड उघडणार होते.

धाकटीनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

“खाऊ द्या त्यांना, ताई,” ती म्हणाली. “या वेळी नीट खाऊ द्या.”

मग तिनं आपला घरचा डबा उघडला आणि मधोमध ठेवला.